सूर्याचं वारं अंगावरून गेलं त्याची नोंद

११ मे, शनिवार. सकाळचे सात. मोठ्या जाऊबाईंच्या वावरातला एक एकराचा मोकळा तुकडा.

हजर: मी, बचत गटाची सचिव. मोठ्या जाऊबाई, गटाच्या सदस्य आणि त्या दिवशीच्या उमेदवार. भासरे, म्हणजे त्यांचे यजमान, प्लॅस्टिकच्या खुर्चीसह. फवारणीचा ड्रोन एक, बॅटऱ्या चार. जऊळक्याहून आलेला एक अनोळखी माणूस, टोपल्यात जिवंत पारवे सहा.

गैरहजर: गटाच्या बाकी नऊ बाया, त्यांचे नवरे, सरपंच, चहासाठी नेमलेल्या दोघी, आणि बोलावलेले बाकी गावकरी.

ही यादी मी तिथेच, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून वहीत लिहिली. माझ्या वह्यांना घरात हसतात. लग्नात मी अक्षता मोजून घेतल्या होत्या असंही सांगतात, ते खोटं आहे. मी फक्त पुड्या मोजल्या होत्या. पण त्या सकाळी पन्नासेक माणसं येणार होती, आणि आली फक्त टोपल्यातली सहा पाखरं. असं का झालं हे कळायच्या आधी मी लिहून ठेवलं, कारण कळल्यावर माणूस नोंदीत फेरफार करतो.

आधी ड्रोनचं सांगते. आमचं काम भाजीपाल्याचं. वांगी, भेंडी, भेदरं, सांबार. शहरवाले भेदऱ्याला टोमॅटो आणि सांबाराला कोथिंबीर म्हणतात, पण खातात तेच. पहाटे माल वाशिमच्या बाजारात जातो. भाजीला फवारणी सुटत नाही, आणि फवारणीचा पंप आधी भासऱ्यांच्या पाठीवर असायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला. दवाखाना, व्यायाम, पुन्हा दवाखाना. आता ते चालतात, बोलतात, जास्तच बोलतात. पण डाव्या हाताची बोटं अजून मनाला येईल तेव्हा कामावर येतात. मग पंप जाऊबाईंच्या पाठीवर आला. भरलेला सोळा लिटरचा पंप, दोन वर्षं, दर आठवड्याला. खांद्यांवर पट्ट्यांचे वण पडले. संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून त्या म्हणायच्या, "पंप उतरवला तरी उतरत नाई व बाई, बसूनच राह्यते."

बचत गटांना ड्रोन देण्याची योजना आली तेव्हा उमेदवार म्हणून मी तीन तरुण सुनांची यादी केली होती. जाऊबाईंनी ती वाचली, माझ्या हातातला पेन घेतला आणि सगळ्यात वर स्वतःचं नाव लिहिलं. वय बावन्न, शिक्षण सातवी.

"मले काहून नाई लिहलं?" त्यांनी विचारलं.

"बाई, ते रिमोटचं काम आहे."

"मंग काय झालं. बारा वर्सं टीवीचा रिमोट तुह्या भासऱ्याच्या हातून सोडवून घेतला मी."

तर त्या पंधरा दिवसांचं प्रशिक्षण करून आल्या, टोपी घालून. पण ड्रोन एक आणि गट दोन: आमचा, आणि अनसिंगकडचा. तिकडची उमेदवार बी.एस्सी. झालेली, चोवीस वर्षांची. तिची चाचणी गुरुवारीच झाली आणि ती पास झाली. "तिचे आंगठे नाईत, शिवायची मशीन हाये," जाऊबाई म्हणाल्या. आमचा अर्ज आधीचा होता, म्हणून पहिला हक्क आमचा. मात्र शनिवारी योजनेच्या साहेबांसमोर चाचणी झाली पाहिजे. नाही झाली, तर त्याच दुपारी टेम्पो येऊन ड्रोन अनसिंगला घेऊन जाणार, आणि पंप परत पाठीवर.

चाचणी दिसायला सोपी. पडद्यावर एक एकराचा नकाशा आखायचा, बटण दाबायचं; ड्रोन उपग्रहांना विचारत विचारत आपल्या आपण सरळ ओळीत फिरतो, साधं पाणी फवारतो आणि निघालेल्या जागी येऊन बसतो. उडवणाऱ्याने फक्त लक्ष ठेवायचं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला पुतणीचा फोन आला. पुतणी म्हणजे जाऊबाईंची मुलगी. ती पुण्यात शिकते, आणि शिकते काय, तर सूर्यातून सुटणारा वारा. हे दिवाळीत तिने आम्हाला भाजी धुवायच्या फरशीवर समजावलं होतं. मोटारीचा पाइप फरशीवर सोडला की पाणी पडतं तिथून चहूकडे पातळ, वेगात पसरतं, आणि थोड्या अंतरावर एकदम थबकून जाड होतं. फरशीवर एक गोल रिंगण उठतं. "आई, पाइप म्हंजे सूर्य," ती म्हणाली होती. "त्यातून बारीक कणाचं वारं सारखं सुटून राह्यलं, सगळ्या ग्रहाईच्या पलीकडे जाते, अन् मंग तिथं असं रिंगण होते. आपुन सारे या रिंगणाच्या आत राह्यतो." जाऊबाईंनी फरशीकडे पाहिलं. "म्हंजे आपुन पालक," त्या म्हणाल्या आणि जुडी त्या रिंगणात धरली. मुलीला ते उत्तर इतकं पटलं की तिने ते वहीत लिहून घेतलं. वह्यांचं ती माझ्यावर गेली आहे.

शुक्रवारच्या फोनवर मात्र ती घाईत होती.

"काकू, परवापासून सूर्यावर एकामागून एक मोठे स्फोट होऊन राह्यले. त्याचं वारं आज रात्री नाई तं उद्या पृथ्वीवर आदळते."

"परवाचा स्फोट आणि वारं आज? ऊन तर लगेच येतं."

"वऱ्हाडासारखं समजा. ऊन म्हंजे फटाके. वाजले की आठ मिनिटात इथं. मंग काही कण लय जोरात सुटतात, ते फटफटीवरचे पोट्टे. ते अर्ध्या-एका तासात येतात, कुठंबी घुसतात. यानाच्या कॅमेऱ्यात घुसले तं सूर्याच्या फोटोवर पांढरे ठिपकेच ठिपके, फोडणीतली मोहरी उडाल्यावानी. अन् हे मोठं वारं म्हंजे वऱ्हाडाचा टेम्पो. दीड-दोन दिवस घेते, पण आलं की मांडव हालवते."

"मग आम्ही काय करायचं? मांडवात किती जण धरू?"

"तुमाले काही नाई होत, काकू. वर हवा हाये, पृथ्वीचं चुंबक हाये. पण उपग्रहाचे सिग्नल वाकडेतिकडे होऊ शकतात. आईची चाचणी पुढं ढकलता येते का पाहा."

ढकलता येत नव्हती. साहेबांना विचारलं, त्यांचा अहवाल शनिवारीच जायचा होता. म्हणून मी माझ्या हातात होतं ते केलं: सूचना लिहिली. गावात आधीच कोणीतरी उडवलं होतं की उद्या आकाशातून काहीतरी येणार, म्हणून पुतणीने मला मजकूर पाठवला होता: 'सौरवाताच्या तीव्र झोताचा पृथ्वीशी संपर्क होणार असून मानवी आरोग्यास धोका नाही.' हे कोण वाचणार? माझा नियम असा की नळावरच्या बाईला एका हातात घागर असताना सूचना कळली पाहिजे. मी 'सौरवात' खोडलं आणि सोप्या मराठीत करून गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं:

'सूचना. उद्या सकाळी सूर्याचं वारं आपल्या सर्वांच्या अंगावरून जाणार आहे. कोणाला काही जाणवणार नाही. घाबरू नये. सर्वांनी सात वाजता वावरात हजर राहावे. सचिव.'

दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं. पाठवलं, यादीतल्या त्या कामापुढे बरोबरची खूण केली आणि झोपले.

आता परत शनिवारी, सकाळी सात. वावरात आम्ही तिघं. मोटारसायकलवरून एक माणूस उतरला, मागे बांधलेलं टोपलं सोडलं आणि विचारलं, "पेशंट कुठी हायेत जी?"

"कोणते पेशंट?"

"आता बाप्पा. सारं गावच आजारी पडनार म्हंते ना. माह्या साळ्यानं मेसेज धाडला. सध्या सहाच पारवे भेटले. बाकीचे दुपारून आनून देतो."

आमच्याकडे लकवा मारला की पारव्याचा रस्सा पाजतात. डॉक्टर पाजत नाहीत, शेजारी पाजतात. भासऱ्यांनाही पाजला होता. मी त्या माणसाकडे पाहत उभी होते आणि डोक्यात काहीतरी हळूहळू सरकत होतं, गंजलेल्या कुलपात किल्ली फिरावी तसं.

"सेक्रेटरीबाई," भासरे खुर्चीतून म्हणाले, "तो फोन आना इकडे."

त्यांनी चष्मा चढवला आणि माझी सूचना मोठ्याने वाचली. सगळी. मग थांबून 'अंगावरून' आणि 'वारं' हे दोन शब्द पुन्हा वाचले.

अंगावरून वारं गेलं म्हणजे लकवा मारला. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. आमच्या घरात तर दोन वर्षं तो शब्दच कोणी उच्चारत नव्हतं. 'तो त्रास' म्हणायचो. पंख्याचं वारंसुद्धा आम्ही 'हवा' करून टाकलं होतं. आणि मी, घरातली शहाणी, उद्या सकाळी सात वाजता अख्ख्या गावाला लकवा मारणार असल्याचं सहीनिशी कळवलं होतं. वर घाबरू नये असंही.

"दादा, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"काहून? लय चांगलं लिहलं. माह्या आंगावरून गेलं तवा मले अशी आगाऊ सूचना कोनी देली असती तं आधी चहा तरी पिऊन घेतला असता." ते परत वाचू लागले. "'कोनाले काही जानवनार नाई.' हे तं शंभर टक्के खरं. मले बी जानवलं नाई. कप तेवढा पडला."

जाऊबाईंनी टोपीखालून माझ्याकडे पाहिलं. त्यांना हसावं की माझा गळा धरावा हे ठरत नव्हतं. "त्याईले हसू येऊन राह्यलं," त्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "म्हून तू वाचली."

मी गावात धावले. दारं बंद. लसूण घालून तापवलेल्या मोहरीच्या तेलाचा वास गल्लीभर. गटाच्या अध्यक्षबाई मे महिन्याच्या उकाड्यात कानाला मफलर आणि अंगावर सोलापुरी चादर घेऊन, पंखा बंद करून बसल्या होत्या. "तू लिहलं म्हून बसली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनी लिहलं असतं तं मी इश्वास नसता ठेवला." सरपंच पहाटेच घरच्यांना गाडीत घालून पोहरादेवीला दर्शनाला गेले होते, वारं आलं तर देवीच्या पायाशी यावं, असा हिशेब.

साहेब पावणेआठला यायचे होते. आणि त्यांची अट होती की गटाच्या निम्म्या तरी सदस्य हजर पाहिजेत. मी गल्लीत उभ्या उभ्या दुसरी सूचना लिहिली. घाईत. वाचून न पाहता. तीस वर्षांत मी असं एकदाच केलं.

'दुरुस्ती. वारं माणसांच्या अंगावरून जाणार नाही. गेलं तर फक्त ड्रोनच्या जाईल. तरी सर्वांनी यावे.'

दहा मिनिटांत गाव लोटलं. बोलावलेले पन्नास होते, त्याहून बरेच जास्त आले. शेवटी मी मोजायचं सोडलं. ड्रोनला लकवा मारणार, हे कोणाला चुकवायचं नव्हतं. अध्यक्षबाई चादरीसकट आल्या. त्यांच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, तेलाची बाटली घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. ड्रोनला चार पाय असतात. त्यांनी चारही नीट पाहिले.

"कोन्ता गेला?" त्यांनी विचारलं.

"अजून कोणताच नाही, आजी."

"मंग मी बसते."

साहेब वेळेवर आले. तरुण, सभ्य, सकाळपासून उपाशी. त्यांनी गर्दी पाहून माझं अभिनंदन केलं. मी ते घेतलं. मग त्यांनी रिमोट चालू केला, पडद्यात पाहिलं, आणि समोरच्या ड्रोनकडे पाहिलं, आणि परत पडद्यात.

पडद्यावर ड्रोन विहिरीत होता.

विहीर तिथून चांगली शंभर पावलं. ड्रोन आमच्यासमोर फळीवर बसलेला. तरी दोघं-तिघं विहिरीत डोकावून आले आणि "नाई तिथं" असं सांगून गेले. साहेब म्हणाले की कंपास बिघडलाय, यंत्र हातात धरून गोल फिरवावं लागेल. जाऊबाईंनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने ते धूड उचललं आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरलो. पडदा म्हणाला, पुन्हा. परत फिरलो. मागून कोणीतरी म्हणालं, "पाच करा, नवस फिटते." तीन फेऱ्यांनंतर ड्रोन विहिरीतून निघाला आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला. पडद्यावर. उपग्रहांचा आकडा वर चढे, खाली येई. आमच्या गटाच्या सभेत असते तशी हजेरी. पुरेसे उपग्रह एका वेळी काही जमेनात, आणि ते जमल्याशिवाय बटण दाबलं जात नव्हतं.

"झालं," आजी समाधानाने म्हणाल्या. "गेलं आंगावरून."

साहेबांनी अर्धा तास वाट पाहिली. मग पिशवीतून अर्ज काढला. त्यांचा आवाज खरोखर खाली आला. "मॅडम, तुमची चूक नाही. पण अर्जात एकच प्रश्न आहे: स्वयंचलित फवारणी पूर्ण झाली का, हो किंवा नाही. मला आज पाठवायचंय. अनसिंगचा टेम्पो अकराला निघेल."

 जाऊबाईंचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला, पट्टीच्या वणावर.  भासऱ्यांनी तो हात पाहिला. मीही पाहिला.

मग जाऊबाईंनी हात खाली घेतला. "साहेब, उपग्रहाबिगर हे उडतच नाई का?"

"उडतं. पण स्वतःला धरून ठेवत नाही. वारा नेईल तिकडे जातं. क्षणाक्षणाला हाताने सावरावं लागतं. प्रशिक्षणात करून घेतलं असेल ना?"

"चार येळा. तीन चांगल्या झाल्या."

"आणि चौथी?"

"मास्तरची टोपी गेली. मानूस राह्यला."

साहेब अर्जाकडे पाहत राहिले. जाऊबाई गोठ्याकडे गेल्या आणि ओंजळभर कुटार घेऊन आल्या. कुटार म्हणजे सोयाबीनचा भुसा. आमच्याकडे उन्हाळ्यात दुसरं काही नसलं तरी ते असतं. त्यांनी ती ओंजळ डोक्यावर नेली आणि बोटांतून हळूहळू सोडली. थ्रेशर आला तरी घरची तूर आम्ही अजून उपणतो. वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभं राहून सूप हलवायचं, दाणा पायाशी पडतो, भुसा वाऱ्यावर जातो. चाळीस वर्षं उपणणाऱ्या बाईला वाऱ्याचा स्वभाव तोंडपाठ असतो: किती जोर, कुठून येतं, मध्येच कधी दम घेतं. कुटार सरळ खाली आलं, मग गुडघ्यापाशी एकदम पूर्वेकडे वळलं.

"हे वारं माह्या वळखीचं हाये, साहेब," त्या म्हणाल्या. "वरच्या वाऱ्याचं मले नाई मालूम. ते माह्या पोरीचं हाये."

साहेब म्हणाले, "सराव म्हणून उडवा. मी फक्त बघतो."

ओळ सरळ राहायला पलीकडच्या धुऱ्यावर खूण पाहिजे होती. भासरे खुर्चीवरून उठले. "मी उभा राह्यतो. हालत नाई. सवय हाये." काठी टेकत ते पार टोकाला गेले. जाऊबाईंनी लांबून हाक दिली, "हात वर करा." त्यांनी ओरडून विचारलं, "कोन्ता?" "जो होते तो करा," जाऊबाई म्हणाल्या, आणि उजवा हात वर गेला.

ड्रोन उठला. उठताक्षणीच पूर्वेकडे घसरला, बैल वखर सोडून धुऱ्याकडे ओढतो तसा. जाऊबाईंचे अंगठे रिमोटच्या दांड्यांवर होते, पण त्या अंगठ्यांकडे पाहत नव्हत्या आणि पडद्याकडे तर मुळीच नाही. मी शेजारी उभी राहून दर थोड्या वेळाने कुटाराची चिमूट सोडत होते. हे माझं काम त्यांनी ठरवून दिलं होतं, आणि मला कोणी काम ठरवून दिल्याचा तो दुर्मिळ प्रसंग. कुटार वळलं की ड्रोन तेवढाच वाऱ्याच्या तोंडाकडे झुके. पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी बरी. तिसऱ्या ओळीत वारा मध्येच पडला, जाऊबाईंचे अंगठे झुकलेलेच राहिले, आणि ड्रोन सरळ पहिल्या रांगेवर येऊन सगळ्यांवर पाणी शिंपडून गेला. चादर भिजली, मफलर भिजलं, तेलाची बाटली आडवी झाली. आजींनी तोंडावरचं पाणी पुसलं.

"बरं वाटलं व माय," त्या म्हणाल्या. "परत आन."

चौथी ओळ सरळ भासऱ्यांच्या हातावर गेली. ते खरंच हलले नाहीत. पंख्यांच्या हवेने त्यांचं धोतर फडफडलं तेवढंच. मग उरलेल्या ओळी पुऱ्या करून ड्रोन परतला आणि फळीवर टेकला; थोडा तिरपा, एक पाय फळीबाहेर. पंखे थांबले.  लांबून काठी टेकत येणारे भासरे म्हणाले, "उतरलं. कप नाई पडला."

आता अर्ज. साहेबांना 'हो' लिहिता येत नव्हतं, कारण स्वयंचलित काही झालं नव्हतं. 'नाही' लिहवत नव्हतं. पेन वर धरून ते बसले होते. मी त्यांच्यासमोर पोह्यांची प्लेट ठेवली, वर तर्री, आणि म्हटलं, "साहेब, खाली शेऱ्याला चार ओळी आहेत. तुम्ही खा, मी मसुदा सांगते." मसुद्याला आमच्या तालुक्यात माझा हात कोणी धरत नाही. मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं:

'सौर वाऱ्यामुळे उपग्रह गैरहजर. उमेदवाराने संपूर्ण क्षेत्र हाताने उडवून फवारले. स्वयंचलित फेरचाचणी गटाकडून लेखी विनंती आल्यावर घेण्यात यावी. तोपर्यंत ड्रोन गटाकडे राहील.'

त्यांनी घास चावत पुन्हा वाचलं. "लेखी विनंती तुम्ही लवकर कराल ना?"

"यादीत घेते," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर वहीत घेतलं. साहेबांनी सही केली. टेम्पो आला नाही.

जऊळक्याचा माणूस अजून बसला होता. "मंग या पारव्याईचं काय करू जी?" भासरे टोपल्यापाशी गेले. "माह्यावर याईच्या घराण्याचं रीन हाये," ते म्हणाले आणि झाकण उघडलं. पाच उडाले. सहावा ड्रोनवर जाऊन बसला, आणि आजींनी त्याच्याकडे पाहून सांगितलं की आता उतार पडेल.

दुपारी पुतणीचा फोन आला. तिने सगळं ऐकलं, हसून झालं, मग शिकलेल्या माणसासारखी बोलू लागली: तुमच्याकडे झालं ते त्या वाऱ्यामुळेच, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, दुसरं कारणही असू शकतं. पण वादळ खरंच मोठं होतं. लडाखच्या आकाशात तांबूस उजेड दिसला, आणि परदेशात उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर पेरणी करता करता ओळीतच उभे राहिले.

"उभे राह्यले?" जाऊबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. "त्याईले सांग, थोडं कुटार उडवून पाहा म्हना."

आता त्या बटण दाबूनही उडवतात. उपग्रह हजर असतात, ओळी सरळ येतात. पंप गोठ्यात खुंटीला टांगलेला आहे. अनसिंगच्या गटाला पुढच्या फेरीत त्यांचा ड्रोन मिळाला, म्हणजे त्या शिवणयंत्राच्या अंगठ्यांचं माझ्या मनावर ओझं नाही. 'वारं' हा शब्द घरात परत आला आहे. सगळ्यात जास्त भासरेच वापरतात, मुख्यतः माझ्यासमोर.

माझ्या वहीत काम राहत नाही. राहिलं तर मी ते पुढच्या पानावर उतरवते, आणि तिसऱ्यांदा उतरवायची वेळ आली तर त्याच दिवशी उठून करून टाकते. तरी एक ओळ त्या शनिवारपासून दर महिन्याला नव्या पानावर येते. जाऊबाई अधूनमधून वही पालथी घालतात, त्या ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "केली का व?" मी म्हणते, "राहूनच गेलं बाई." मग त्या वही मिटून माझ्या हातात देतात. ओळ अशी: 'साहेबांना फेरचाचणीसाठी लेखी विनंती करणे.' पुढचा चौकोन कोरा आहे.